शुक्रवारची सवाष्ण

स्वतःच्या घरात मी तव्यावरून उतरलेली गरम पुरणपोळी कधी खाल्ली नाही. अशा वाक्याला 'ही काही तक्रार नाही हं' असं शेपूट जोडायची आपल्याकडे पद्धत आहे. पण ही तक्रारच आहे. जी पोळ्या लाटते ती तव्यापाशी उभी असते, जो खातो तो बसलेला असतो, आणि एका बाईला एकाच वेळी दोन्हीकडे असता येत नाही. आधी सासरे, मग हे, मग मुलगा, मग कोणी आलं-गेलं, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. तोवर डब्यातल्या पोळ्यांना घाम सुटलेला असायचा, आणि वाढून घेतलेलं तूप पोळीवर थिजून पांढरं दिसायचं.

वर्षातले काही शुक्रवार मात्र माझे होते. चिक्कडपल्लीला माझी एक मैत्रीण राहते. तिचं माहेर परभणीकडचं, माझं नांदेडचं. दोघी लग्न होऊन हैदराबादेत आलो आणि इथेच म्हाताऱ्या झालो. तिच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा असते. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याला आघाडा-दुर्वांची माळ, पुरणावरणाचा नैवेद्य आणि एक सवाष्ण जेवायला. सवाष्ण जेवल्याशिवाय घरातल्या बायकांनी जेवायचं नाही. नांदेडला सवाष्णींना तोटा नाही, दार उघडलं की जिन्यातच दोन भेटतात. इथे मराठी घरं विखुरलेली, एक काचीगुड्याला तर दुसरं पार मियापूरला. आणि तिच्या सासूबाईंना सवाष्ण मराठीच लागे. तेलुगू बायका मोठ्या मनाच्या असतात, पण त्यांना गुळवणी पोळीवर घ्यायचं का भातावर हे समजावून सांगेपर्यंत पोळी गार होते, असं त्यांचं म्हणणं. मी विद्यानगरहून एका बसने जाऊ शकत होते. म्हणून मी ठरले. सासूबाई गेल्या, मैत्रिणीचे केस पिकले, बसचे नंबर बदलले, तरी श्रावणातले शुक्रवार माझेच राहिले.

त्या दुपारी मला बसवायचे. रांगोळी काढलेला पाट, समोर ताट. मैत्रीण आतून पोळी घेऊन यायची ती तव्यावरून थेट माझ्या ताटात. वाफेनं फुगलेली, कडेला किंचित करपलेली, आणि त्यावर तूप, जे पडल्या पडल्या नाहीसं व्हायचं. मी फुंकर न घालताच तोडायची. बोटं भाजायची, जीभ भाजायची. एक संपते न संपते तोच दुसरी. सवाष्ण म्हणजे त्या दिवशी देवीच, त्यामुळे मला काही हलवायचं नाही, उचलायचं नाही, ताटसुद्धा नाही. घरी पाणी प्यायला उठले तरी चारजण चार कामं सांगत. इथे माझ्या घशात घास अडकला तरी बसल्या जागी पाणी मिळायचं. मी धार्मिक बाई नाही. जिवतीनं माझ्या मुलाचं किती रक्षण केलं ते तिचं तिला माहीत. मी त्या पोळीसाठी जात होते.

मग हे गेले. नवरा गेल्यावर काय काय जातं याची कल्पना लोक आधीच देतात. सोबत जाते म्हणतात, आधार जातो म्हणतात, संध्याकाळ खायला उठते म्हणतात. ते सगळं झालं, अगदी सांगितल्याप्रमाणे झालं. शुक्रवारच्या जेवणाबद्दल मात्र कोणी बोललं नव्हतं. सवाष्ण असायला नवरा लागतो ही गोष्ट मला काय माहीत नव्हती? होती की. पण ती मी कधी स्वतःला लावून पाहिली नव्हती. पहिला श्रावण आला तेव्हा फोन आला नाही. साहजिकच होतं. मैत्रिणीनं मग रक्षाबंधनानंतर कधीतरी फोन केला आणि आम्ही दोघी तिच्या गुडघ्यांबद्दल आणि भाज्यांच्या भावाबद्दल बोललो. शुक्रवार तिनं काढला नाही, मी काढला नाही. फोन ठेवल्यावर मी इतकी रडले की यांच्या तेराव्यालासुद्धा तेवढी रडले नव्हते. ही गोष्ट मी मुलाला कशी सांगणार होते?

एकटीचा स्वयंपाक ही वेगळीच विद्या आहे आणि ती मला अजून आलेली नाही. आमच्या घरातलं सगळ्यात लहान पातेलंसुद्धा तिघांचं आहे. मूठभर डाळ कुकरात टाकली की ती तळाला चिकटून बसते, शिट्टीसुद्धा नाइलाजानं होते. आमटी केली की दोन दिवस पुरते आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघवत नाही. सुरुवातीला मी रोज वरण करत होते. पुष्कळ दिवसांनी एकदा वरण-भात कालवताना लक्षात आलं की मला साधं वरण आवडतच नाही. ते यांना लागायचं. मग मला काय आवडतं? मी गॅसपाशी उभी राहून खरोखर विचार केला. मुलाला बटाटा आवडतो, सासऱ्यांना कारलं आवडायचं, यांना चिंच जास्त घातलेलं सगळं आवडायचं. माझ्या नावावर एकही भाजी निघेना. एवढ्या वर्षांत मला कोणी विचारलं नाही म्हणावं तर मी तरी कुठे विचारलं होतं?

मग मी प्रयोग सुरू केले. एका आठवड्यात भाजीवाल्याकडची, घरात कधी न आलेली प्रत्येक भाजी आणून पाहिली. दोसकाया, म्हणजे इकडची पिवळी गोल काकडी, आणला, त्याची डाळ केली, आवडली. गोंगुरा, म्हणजे इकडची अंबाडी, आणला, आवडला, पण एक जुडी संपवताना दात आंबले. रात्रीच्या जेवणाला नुसता उपमा करून पाहिला आणि चोरी केल्यासारखं वाटलं, मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा केला. एवढं सगळं करून मी खात कुठे होते, तर ओट्यापाशी उभ्यानं, कढईतूनच, डाव्या हातात झाकण धरून. टेबलावर ताट घेऊन बसलं की समोरची खुर्ची दिसायची. ओट्यापाशी समोर भिंतीच्या टाइल्स असतात. टाइल्सचं काही वाटत नाही.

या शहराची एक रीत आहे. इथे भेटलं की 'कसे आहात' विचारत नाहीत, 'जेवलात का' विचारतात. समोरच्या दारातल्या आंटी कचऱ्याची बादली ठेवायला आल्या की "भोजनं अयिंदा?" वॉचमन "खाना हुआ अम्मा?" मुलगा फोनवर "जेवलीस ना?" मी तिघांना तीन भाषांत हो म्हणते. कोणी कधी काय जेवलीस असं विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तराला थांबतही नाही. मुलगा कोंडापूरला राहतो, म्हणजे आहे याच शहरात, पण मधली वाहतूक धरली तर नांदेड जवळ. रविवारी तो आणि सून येतात. मी सकाळपासून चार भाज्यांचा बेत मनात मांडते आणि तो जिना चढतानाच फोनवरून बिर्याणी मागवतो. "आई, तू कशाला उभी राहतेस? आराम कर." आराम करून करून माझी पाठ दुखायला लागली आहे हे त्याला कोण सांगणार? त्याची चूक नाही. त्यानं मला उभीच पाहिलेली आहे आयुष्यभर, त्याला वाटतं मला बसायचं असेल. बसायचंच आहे. पण बसल्यावर समोर कोणीतरी वाढायला हवं ना.

यंदाच्या श्रावणात, पहिल्या शुक्रवारच्या आधी, मैत्रिणीचा फोन आला.

"काय करायलीस?" तिनं विचारलं. मी काहीच करत नव्हते, पण 'कपडे वाळत घालते' म्हटलं.

"शुक्रवारी ये. सकाळीच ये जरा. मागच्या वर्षी तू नव्हतीस, माझं मन लागलं नाही बघ."

मी बरं म्हणाले. आवाज साधा ठेवला. फोन ठेवला आणि घरभर दोन फेऱ्या मारल्या. मला वाटलं, तिनं ठरवलं. बाईनं हिंमत केली. सासूबाई नाहीत, जग बदललंय, कुठे लिहून ठेवलंय की सवाष्णीला नवराच लागतो? जी इतकी वर्षं त्या पाटावर बसली तिलाच बसवीन असं ती नवऱ्याला म्हणाली असेल, भावजींनी 'तुला वाटतं तसं कर' म्हटलं असेल. मी हे सगळं संभाषण दोघांच्या आवाजात मनात रचलं. तिच्याबद्दल एवढं प्रेम मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे उठून न्हाले. इरकली काढली, जी यांच्यानंतर नेसलेच नव्हते. सवाष्णीनं उपाशी पोटी जायचं असतं, म्हणून चहासुद्धा घेतला नाही. समोरच्या आंटींकडे त्याच दिवशी श्रावण शुक्रवारच्या लक्ष्मीपूजेची तयारी चालली होती, आंब्याची पानं बांधता बांधता त्यांनी नाश्त्याचं विचारलंच, "टिफिन अयिंदा?" पहिल्यांदा मी नाही म्हटलं. आज बाहेर जेवायला आहे, असं तेलुगूत सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं. बसची वाट पाहिली नाही, ऑटो केला.

"कां जाना अम्मा?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"चिक्कडपल्ली, मार्केट के बाजू."

त्यानं आरशातून माझी साडी पाहिली. "दावत है क्या?"

"हौ, दावत है," मी म्हणाले.

मार्केटपाशी उतरून तिच्यासाठी आघाडा घेतला. फुलवालीकडे त्याला उत्तरेणी म्हणून मागावं लागतं, हे मला तिच्या सासूबाईंनी शिकवलं होतं. दार मैत्रिणीनंच उघडलं. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं, केस विस्कटलेले. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मी तिला मिठीच मारली.

"बाई, आलीस एकदाची! बाथरूममध्ये पाय घसरला गं माझा मागच्या आठवड्यात, हात टेकला अन् मनगट गेलं. लाटणं धरवत नाही. डाळ शिजवून ठेवलीय, पुरण तेवढं वाटायचंय, कणीक तिंबायचीय. तुझ्या हातचं पुरण म्हणजे काय विचारूच नको." बोलता बोलता तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि खुंटीवरचा जुना टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. "साडी छान आहे गं. पदर खोचून घे, तूप पडेल."

हॉलमधून येताना मला पाट दिसला होता. रांगोळी काढून झाली होती. मी टॉवेल खांद्यावर घेऊन उभी राहिले. विचारायची गरज नव्हती तरी विचारलं, "सवाष्ण कोण आहे?"

"वर भाडेकरू आलेत ना, पुण्याचे. पोरगी चांगली आहे, घरूनच काम करते. देवच पावला म्हण."

मी पुरणयंत्राचे स्क्रू घट्ट करत बसले. कानशिलं तापली होती. माझंच मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी कोणाला काय सांगितलं होतं? हौ, दावत है! एका ऑटोवाल्याला, एका शेजारणीला आणि स्वतःला. मैत्रिणीनं मला काही कबूल केलं नव्हतं. तिला सुचलंच नव्हतं की मी असं काही समजेन, आणि सुचलं असतं तर तिनं तोंडात मारून घेतलं असतं. त्यामुळे रागवायचीसुद्धा सोय नव्हती. मी सूं सूं करत यंत्र फिरवलं, पुरण सुतासारखं पडायला लागलं. ती बाजूला बसून डाव्या हातानं वेलदोडे सोलत होती आणि आनंदानं बोलत होती.

पोळ्या उत्तम झाल्या. हात कुठे विसरतात? भावजींच्या हस्ते नैवेद्य दाखवून झाला. नैवेद्याच्या ताटात आता पुलिहोरा, इकडचा चिंचेचा भातही असतो, देवीला इथे राहून सवय झालीय. मग पुण्याची मुलगी आली, कुर्ता घालून, एका कानात ते फोनचं पांढरं बोंड. "सॉरी काकू, कॉल लांबला." गोड मुलगी होती. तिला पाटावर बसताना पाय कुठे घ्यायचे कळेना. मैत्रिणीनं हळदीकुंकू लावलं, मी आत तव्यावर पोळी टाकली. पोळी फुगली की मैत्रीण ताटलीत घेऊन धावत जायची, डाव्या हातानं तूप घालायची. मला आतून फक्त आवाज येत होता. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी मी टाकली आणि बाहेरून ऐकू आलं, "काकू, नको, प्लीज. दुसरीच संपत नाहीये. मी अकराला उपमा खाल्ला होता."

"उपमा?" मैत्रीण म्हणाली.

"उपाशी यायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे हे सगळं आजी करायची."

तव्यावरची तिसरी पोळी टम्म फुगली होती. ती न्यायला कोणी आलं नाही. मी ती उतरवून डब्यात ठेवली आणि तिच्यावर झाकण लावलं. मला त्या मुलीचा राग नव्हता. पण एवढी भूक घेऊन मी चुलीशी आणि पोट भरलेली ती पाटावर, याला काय म्हणायचं ते जिवतीनंच सांगावं.

मुलगी ओटी घेऊन वर गेली. भावजी जेवले, हॉलमध्ये पेपर घेऊन आडवे झाले. मैत्रिणीनं ओट्यावर दोन ताटल्या घेतल्या, डब्यातल्या गार पोळ्या काढल्या आणि म्हणाली, "चल, आपण उरकून घेऊ."

"उरकून नाही," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला. "मला गरम पाहिजे."

तिला कळेना. "गरम करून देते की, तव्यावर टाकते."

"शिळी तापवलेली नाही. तू मला पाटावर बसवून वाढायचीस तशी. मला वाटलं आज तू मला त्यासाठी बोलावलंस. मी चहासुद्धा न घेता आले. इरकली नेसून आले." आणि मग मी तिथेच, खांद्यावर तिचा टॉवेल असताना, रडायला लागले. "एवढ्या वर्षांत कोणी मला गरम वाढलं असेल तर तूच वाढलंस. हे गेले तेव्हा तेही गेलं. तुला कळलंसुद्धा नाही."

तिनं काढलेल्या पोळ्या परत डब्यात ठेवल्या. मग खाली बसली, स्वयंपाकघराच्या जमिनीवरच. "मागच्या वर्षी तुला काय म्हणून बोलवू? हेच समजेना. सवाष्ण म्हणून बोलवता येईना, नुसती बोलवली तर तुझ्यासमोर दुसरीला पाटावर कशी बसवू? म्हणून बोलावलंच नाही. यंदा मनगट गेलं अन् मला वाटलं, बरं झालं, आता तुला बोलवायला कारण मिळालं." तिनं डोळे पुसले. "आणि गरमचं म्हणतेस तर मला कोण वाढतं गं? तू बाहेर बसून खायचीस तेव्हा मी आत लाटत होते. माझ्या घरात लाटणारी मीच. मी तर कधी कोणाची सवाष्ण म्हणूनसुद्धा गेले नाही, सासूबाई शुक्रवारी घर सोडू द्यायच्या नाहीत."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला आतून पोळ्या येत होत्या, आत कोण होतं याचा मी विचार केला नव्हता. मी नाक पुसलं. गॅस पेटवला.

"बस," मी म्हणाले.

"आँ?"

"बस तिथेच. हलू नको."

मी एक उंडा घेऊन लाटला. तव्यावर टाकला. बाहेरून भावजींचा आवाज आला, "अगं, बडीशेप कुठंय?" ती सवयीनं उठायला लागली. मी डोळे वटारले. "मिळेल भावजी, सापडेल तिथंच," मी आतूनच ओरडले, आणि ती बावरून पुन्हा खाली बसली. पोळी फुगली, मी तिच्या ताटलीत टाकली, वर तूप घातलं. ते पडल्या पडल्या नाहीसं झालं. तिनं डाव्या हातानं तोडायचा प्रयत्न केला, बोट भाजलं, पुन्हा तोडली आणि घास तोंडात घातला. तोंड उघडं ठेवून वाफ बाहेर सोडत ती चावत राहिली, लहान मुलासारखी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खरंच वेगळी लागते गं."

मी दुसरी टाकली. तिसरी टाकली. तिनं मुकाट्यानं खाल्ल्या. चौथी खाऊन झाल्यावर ती उठली, माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाली, "आता तू बस." तिनं उंड्यावर लाटणं टेकवलं, जोर दिला आणि कळवळली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. घामानं तिचं कपाळ भिजलं. "होत नाही गं," ती म्हणाली आणि लाटणं ठेवून दिलं. आम्ही दोघींनी त्या अर्धवट लाटलेल्या उंड्याकडे पाहिलं. मग मी डब्यातल्या दोन गार पोळ्या ओट्यापाशी उभ्यानं खाल्ल्या. भूक एवढी होती की त्याही चांगल्या लागल्या.

निघताना तिनं उरलेलं पुरण आणि कणीक डब्यात भरून दिलं. "पुढच्या शुक्रवारी ये," ती दारात म्हणाली, आणि कशासाठी ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. बसनं घरी आले. जिन्यात आंटी भेटल्या, त्यांच्याकडची पूजा आटोपलेली होती. "भोजनं अयिंदा?" मी मान हलवली आणि दार उघडून आत आले.

संध्याकाळ झाली तसा डबा आठवला. कणीक दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नसती. तवा गॅसवर ठेवला, एक पोळी लाटली, भाजली, ताटात घेतली, गॅस बंद केला, तवा बाजूला केला, हात धुतले, तूप आणलं, टेबलाशी येऊन बसले. तोवर ती कोमट झाली होती. गरम पोळी आणि बसलेली बाई यांच्यात एका स्वयंपाकघराचं अंतर असतं, आणि ते चालायला इतर वेळी दुसरं माणूस असतं. मी त्या पोळीकडे बघत राहिले आणि मला माझाच संताप आला.

मुलानं सिलिंडर संपलं तर असावी म्हणून एक विजेची शेगडी आणून दिलेली आहे. ती खोक्यातून काढली. टेबलावर ठेवली, माझ्या खुर्चीसमोर. वायर भिंतीपर्यंत पुरेना म्हणून टेबलच ओढलं, फरशीवर कर्कश आवाज झाला. पोळपाट उजवीकडे, तवा मध्ये, ताट डावीकडे, तुपाची वाटी हाताशी. आणि बसले. बसल्या बसल्या लाटली. कडेला पुरण बाहेर आलं, बसून लाटायला जोर मिळत नाही. तव्यावर टाकली. ती हळूहळू फुगत गेली तेव्हा मी तिच्याकडे इतक्या जवळून पाहत होते की वाफ चष्म्यावर आली. उचलली, ताटात घेतली, तूप घातलं, तोडली. बोटं भाजली. जीभ भाजली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर. मला हसू आलं आणि रडू आलं आणि पोळी संपली.

मग मी तशीच बसून राहिले. तवा तापलेला होता, एक उंडा उरला होता, पोटात जागा होती. तरी हात पुढे होईना. मी कशाची वाट पाहत होते ते कळायला जरा वेळ लागला. आता कोणीतरी 'अजून एक घ्या हो' म्हणायला हवं होतं. मी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी पुन्हा म्हणायला हवं होतं. आपण आयुष्यभर दुसरी पोळी अशीच घेतली. मला हवी म्हणून घेतलेली दुसरी पोळी मला आठवेना. घरात फ्रिजचा आवाज येत होता.

"घे की गं," मी मोठ्यानं म्हणाले. तो आवाज त्या खोलीत मला चांगलाच परका वाटला. नको, असं मी म्हटलं नाही. उंडा उचलला आणि लाटायला घेतला.